‘अटक नाही, चौकशीला आणलंय’: मग तो माणूस कायद्याने नेमका कुठे असतो?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमचा चुलत भाऊ गोदाकाठच्या गावात वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. मंगळवारी पहाटे साध्या कपड्यातले पोलीस घरी आले. ‘साहेबांनी चौकशीला बोलावलंय, तासाभरात सोडतो’ असं सांगून त्याला खासगी गाडीतून घेऊन गेले. घरचे ठाण्यात विचारायला गेले की उत्तर एकच, ‘अटक नाही, चौकशी चालू आहे.’ बुधवारी रात्री अटक दाखवली आणि गुरुवारी दुपारी कोर्टात उभं केलं. आता गावात कुणी म्हणतं एमपीडीए (विनाखटला स्थानबद्ध करण्याचा राज्य कायदा) लावणार, कुणी म्हणतं डिटेन्शन कॅम्पात टाकतील. ते दोन दिवस तो कायद्याने कोण होता, ‘डिटेन’ केलेल्या माणसाला काही हक्क असतात का, आणि हा कॅम्प काय प्रकार आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी अंबाजोगाईला फौजदारी बाजूची वकिली करतो आणि उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठातही उभा राहतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचा पहिला प्रश्न असतो, ‘अटक झाली का नाही?’ मला मात्र दुसरंच विचारावं लागतं: कोणाच्या हुकमाने नेलं, कोणत्या कलमाखाली, आणि किती वेळेसाठी? ताब्यात घेतलं, बसवून ठेवलं, स्थानबद्ध केलं, कॅम्पात पाठवलं, ही सगळी नावं घरच्यांच्या दृष्टीने सारखीच असतात, कारण माणूस घरी नाही. कायद्यात मात्र प्रत्येकासाठी वेगळी मुदत आणि वेगळं दार आहे. चुकीच्या दारात दोन दिवस घालवले तर ती मुदत हातची जाते.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. मी तुमच्या भावाचे कागद पाहिलेले नाहीत. गुन्हा नुसता वाळूचोरीचा आहे की महसूल पथकाच्या अंगावर गेल्याचं कलमही लावलंय, आधीचे गुन्हे आहेत का, हा गुन्हा जामिनावर असताना घडलाय का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते कागद आल्यावर ताडून घ्यावं लागेल.

मंगळवार-बुधवारपासून सुरुवात करू. पोलिसांनी अटक फॉर्म भरला की अटक झाली, असा समज गावात आहे आणि ठाण्यातही आहे. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, ४६) अटक करताना पोलिसाने माणसाच्या अंगाला हात लावायचा किंवा त्याला अडवायचं असतं. पण तो बोलण्यातून वा वागण्यातून स्वतःहून ताब्यात आला, तर त्याचीही गरज राहत नाही. पहाटे दारात चौघे उभे, त्यातल्या एकाने हातातला मोबाईल काढून घेतला, आणि तुमचा भाऊ अंगात शर्ट घालून मुकाट गाडीत बसला, तर त्याचा ताबा तिथेच सुरू झाला. १९८० साली निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘ताब्यात आहे पण अटक नाही’, ‘चौकशीसाठी ठेवलाय पण रीतसर अटक केलेली नाही’ असल्या पळवाटांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशक हुसेन प्रकरणात तर स्पष्टच सांगितलं की अटक सुरू होते ती माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन येतं त्या क्षणी, अधिकाऱ्याने कागदावर टाकलेल्या वेळेपासून नाही.

म्हणून मी घरच्यांना आणि सुटून आलेल्या माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो: तुला उठून घरी जाता आलं असतं का? फोन कुणाकडे होता? बाहेर चहा प्यायला एकटा गेलास की शिपाई बरोबर होता? रात्री कुठे झोपलास? उठून जाता येत नव्हतं, तर तो ताबा होता. आणि ताबा होता, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) चे २४ तास तिथपासून मोजायचे. त्या २४ तासांतून फक्त प्रवासाचा वेळ वगळता येतो, आणि ठाणं ते तालुक्याचं कोर्ट हा प्रवास काही दिवसभराचा नसतो. तुम्ही सांगता तसंच घडलं असेल, तर मंगळवारी पहाटेपासून बुधवारी पहाटेपर्यंत मुदत होती. त्यानंतर गुरुवारी दुपारपर्यंतचा सगळा काळ बेकायदा ताब्याचा आहे.

पोलिसांना चौकशीला बोलावता येत नाही असं मात्र नाही. संशयिताला याच संहितेच्या कलम ३५(३) खाली लेखी नोटीस देता येते. तो हजर राहत असेल, सहकार्य करत असेल, तर कारण नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी हुकमाने बोलावता येतं. पण १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कोणतीही स्त्री, अपंग आणि गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात या असा आग्रह धरता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तिथे जाऊन घ्यायचा. तुमच्या काकूला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावून संध्याकाळपर्यंत बसवलं असं तुम्ही लिहिलंय, ते या कलमात कुठेच बसत नाही. मोर्चाच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांना उचलतात ते बहुधा कलम १७० खाली, म्हणजे दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून. त्यालाही २४ तासांचीच मुदत आहे. पोलिसांचा कायदेशीर आदेश मानला नाही म्हणून कलम १७२ खाली अडवता येतं, तिथेही किरकोळ बाब असेल तर २४ तासांच्या आत सोडायचं. पण ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत बसवून ठेवणे’ असं कलम संहितेत कुठेही नाही.

वाळूचोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक का गरजेची होती याची कारणं पोलिसांनी लिहायची आणि मॅजिस्ट्रेटने ती तपासायची, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच घालून दिलं. त्यामुळे एकट्या ३०३ वर अटक झाली असेल, तर रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने कोठडी दिली त्या, दिवशीच हा मुद्दा घ्यायला हवा होता. घेतला नसेल, तर जामीन अर्जात घ्या.

आता पुराव्याचं. पोलीस म्हणतील, बुधवारी रात्रीच आणला. मग मंगळवारची पहाट सिद्ध कशी करायची? पूर्वी अशा वेळी घरच्यांना आम्ही सगळ्यात आधी तार करायला सांगायचो, एक पोलीस अधीक्षकांना आणि एक न्यायदंडाधिकाऱ्यांना. तारेवर पोस्टाचा शिक्का आणि वेळ असायची, ती पुढे कुणालाही नाकारता यायची नाही. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता ते काम ईमेलने करायचं. अधीक्षक कार्यालयाला दोन ओळींचा मेल: अमुक माणसाला अमुक वाजता अमुक गाडीतून नेलं, कोणत्या कलमाखाली ते कळवलेलं नाही. सोबत ११२ वर फोन. मेलवर तारीख-वेळ आपोआप पडते, फोनचीही नोंद होते. शिवाय गावच्या चौकातला ग्रामपंचायतीचा कॅमेरा, पेट्रोल पंपाचा कॅमेरा, भावाच्या मोबाईलचं लोकेशन, आणि खुद्द ठाण्याचं सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान वर्षभर तरी, जपायला सांगितलंय. प्रत्यक्षात मागायला उशीर झाला की ‘यंत्रात बिघाड होता’ हे उत्तर येतं. म्हणून मंगळवार ते गुरुवारचं फुटेज जपून ठेवावं असा अर्ज याच आठवड्यात कोर्टात द्या.

एक कागद मात्र बारकाईने पाहा. घरच्यांचं त्याकडे लक्ष जात नाही, आणि कित्येकदा वकिलांचंही जात नाही. तो म्हणजे निवेदन पंचनामा, ज्यात आरोपी ‘मी वाळू अमुक ठिकाणी साठवली आहे, चला दाखवतो’ असं पंचांसमोर सांगतो. ताब्यातल्या आरोपीने पोलिसांपुढे सांगितलेलं एरवी त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, पण त्या सांगण्यातून काही वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्याचं ते कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे: या पंचनाम्याचा आधार घ्यायचा तर पोलिसांनाच म्हणावं लागतं की तो तेव्हा आमच्या ताब्यात होता. देवमन उपाध्याय प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने रीतसर अटकेशिवायही असा ताबा मानलाय. आता समजा पंचनाम्यावर वेळ आहे बुधवार दुपारी अडीच, आणि अटक फॉर्मवर बुधवार रात्री नऊ. मग दुपारी अडीचला तो ताब्यात होता हे पोलिसांच्याच कागदावर आलं. दोन्ही प्रतींच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून न्यायाधीशांना दाखवल्या की तोंडी युक्तिवादाची फारशी गरज उरत नाही.

या सगळ्याचा फायदा किती? खोटी आशा दाखवणार नाही. दोन दिवस बेकायदा बसवलं म्हणून मूळ गुन्हा आपोआप रद्द होत नाही. मॅजिस्ट्रेटने रिमांड दिल्यावर हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, सहसा टिकत नाही. रिमांडच डोळे झाकून किंवा अधिकार नसताना दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या दोन दिवसांत घेतलेल्या निवेदनाचं वजन घटतं, जामिनाला बळ येतं, आणि अधिकाऱ्यावर बेकायदा कैदेची तक्रार (न्याय संहितेचं कलम १२७) किंवा नुकसानभरपाईची मागणी करायला पाया मिळतो. भीम सिंग या जम्मू-काश्मीरच्या आमदाराला विधानसभेत पोहोचू नये म्हणून अडकवून ठेवलं होतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्यांना ५०,००० रुपये भरपाई द्यायला लावली.

आणखी दोन गोष्टी तपासा. अटकेची कारणं लेखी दिली का? पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांपासून हा मुद्दा फार महत्त्वाचा झालाय, आणि ती कारणं माणसाला समजेल अशा भाषेत हवीत. दुसरं, अटकेची खबर नातेवाइकाला दिल्याची नोंद आहे का, आणि तिच्यावर सही कोणाची? डी. के. बसू निकालापासून अटक मेमोवर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. मी असे मेमो पाहिलेत ज्यांवर ‘नातेवाईक’ म्हणून कोर्टाबाहेर उभ्या असणाऱ्या नेहमीच्या पंचाची सही आहे.

रिमांडच्या वेळी न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी मागे उभ्या हवालदाराकडे एकदा बघतो आणि ‘नाही साहेब’ म्हणतो. तुमच्या भावानेही तसंच म्हटलं असणार, त्याबद्दल त्याला रागावू नका. रात्री परत त्याच कोठडीत जायचं असतं. म्हणून रिमांडच्या आधी वकिलाने त्याला पाच मिनिटं एकट्याला भेटणं गरजेचं आहे. चौकशीदरम्यानही वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे, जरी पूर्ण वेळ शेजारी बसता येत नसलं तरी.

माणूस अजून आत असताना, कोर्टात नेण्यापूर्वी, काय करायचं हेही सांगतो. सगळे खंडपीठात धावायचं म्हणतात. हेबियस कॉर्पस तिथेच, ते बरोबर. पण छत्रपती संभाजीनगरला पोचून, याचिका तयार करून ती बोर्डावर येईपर्यंत बहुधा अटक ‘दाखवलेली’ असते. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम १०० खाली अर्ज देता येतो: अमुक ठिकाणी माणसाला बेकायदा कोंडलंय, शोध वॉरंट काढा. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनाही हा अधिकार आहे. वॉरंट निघेलच असं नाही, न्यायाधीशागणिक फरक पडतो. पण अर्जावर आवक शिक्का बसला की ती वेळ कायमची नोंदली गेली. माझा अनुभव असा की अर्ज दाखल झाल्याची कुणकुण ठाण्यात लागली तरी माणूस बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत घरी येतो, नाहीतर रीतसर कोर्टात येतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: तुमचा भाऊ मंगळवारी पहाटेपासून ताब्यात होता, त्याला तेव्हापासूनच सगळे हक्क होते, आणि ते कागदावर आणायचं काम अजूनही करता येईल.

आता एमपीडीए. हा वेगळाच प्रांत आहे, आणि इथे ‘डिटेन’ या शब्दाला खरोखर वेगळा अर्थ आहे. वर जे सांगितलं ते झालेल्या गुन्ह्याबद्दलचं. एमपीडीए पुढे काय करशील याबद्दल आहे. १९८१ च्या या राज्य कायद्यात झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार असे वर्ग होते. नंतरच्या दुरुस्त्यांनी धोकादायक व्यक्ती आणि पुढे वाळू तस्करही आले, म्हणून गोदाकाठी हे नाव आता घरोघरी माहीत आहे. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त हुकूम काढतात आणि माणूस जास्तीत जास्त १२ महिने स्थानबद्ध होतो. आपल्या भागातली माणसं बहुधा हर्सूल कारागृहात पाठवतात. खटला नाही, आरोपपत्र नाही, जामीन नाही. अनुच्छेद २२(३) प्रमाणे २४ तासांत कोर्टापुढे नेण्याची सक्तीही नाही. मग उरतं काय, असं वाटेल. उरतात त्या मुदती, आणि त्या फार कडक आहेत.

स्थानबद्धतेची कारणं ५ दिवसांच्या आत द्यायची. जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाला १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, नाहीतर तो संपतो. ३ आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचं आणि स्थानबद्धतेपासून ७ आठवड्यांत मंडळाने अहवाल द्यायचा. कारणं माणसाला कळणाऱ्या भाषेत हवीत. नागपूरच्या हरिकिसन प्रकरणात १९६२ साली इंग्रजीतला हुकूम तोंडी समजावून सांगितला होता, तेवढं पुरेसं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. शिवाय सरकारची मंजुरी होईपर्यंत खुद्द हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही ‘हुकूम मागे घ्या’ असं निवेदन देता येतं, आणि हा हक्क आहे असं माणसाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर हुकूम पडतो. संतोष आचार्य प्रकरणात (२००० साली) एमपीडीएबाबतच हे ठरलंय. म्हणून घरच्यांनी पहिल्या आठवड्यातच निवेदन द्यावं, लांबण लावू नये. निवेदनावर निर्णयाला सरकारने कारणाशिवाय उशीर केला, तर तोही मुद्दा होतो.

सल्लागार मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क नाही. पण ए. के. रॉय निकालाप्रमाणे (डिसेंबर १९८१) मित्राची मदत घेता येते, आणि सरकारच्या बाजूने वकील किंवा कायद्याचा जाणकार असेल तर आपल्यालाही तो मिळायला हवा.

या हुकमांत माझं लक्ष सगळ्यात आधी दोन ठिकाणी जातं. एक म्हणजे गोपनीय जबाब. ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांनी भीतीपोटी नाव न सांगता जबाब दिलेला असतो. बऱ्याचदा दोघांची भाषा जवळजवळ सारखी, फक्त तारीख आणि रस्ता बदललेला. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या साक्षीदारांना भेटून खातरजमा केली का आणि हुकूम काढणाऱ्याने ती पाहिली का, हे तपासायचं. दुसरं म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था. राम मनोहर लोहिया यांच्या प्रकरणात १९६५ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कायदा-सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांत भेद केला. दोघांची मारामारी हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. गावाचं जगणंच विस्कळीत झालं तर सार्वजनिक सुव्यवस्थेचा. ट्रॅक्टर भरून वाळू नेली, एवढ्यावर साध्या कायद्याने कारवाई करता येते. तिथे माणसाला वर्षभर विनाखटला डांबायचं कारण सरकारला दाखवावं लागतं. ड्रायव्हर आहे, मालक नाही, हाही फरक निवेदनात ठळक मांडा. नदीतून वाळू उपसून नदी मारणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. पण हायवा डंपरचा मालक बाहेर आणि रोजंदारीचा पोरगा आत, हे वारंवार पाहतोय.

तुमच्या भावावर अजून हुकूम निघालेला नाही. हुकूम बजावण्याआधी कोर्टात जायची वाट अरुंद आहे, त्यासाठी नुसती अफवा पुरत नाही. तडीपारीची नोटीस आली तर मात्र घाबरू नका, ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली वेगळी गोष्ट आहे. तिच्यात माणसाला कोंडत नाहीत, जास्तीत जास्त २ वर्षं हद्दीबाहेर काढतात, आणि त्याआधी म्हणणं मांडायला संधी द्यावी लागते.

या मुदतींवर मी एवढा जोर का देतोय? आणीबाणीत मिसाखाली (तेव्हाचा विनाखटला स्थानबद्धतेचा कायदा) धरलेल्यांना कारणंसुद्धा सांगायची नाहीत, अशी दुरुस्ती केली होती. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की या काळात हेबियस कॉर्पससुद्धा मागता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत असं झालं, आणि तो निकाल २०१७ मध्ये रद्द ठरला. कारणं, मुदती आणि कोर्ट ही तिन्ही काढून घेतली की स्थानबद्ध माणसाच्या हातात काहीच राहत नाही, हे या देशाने अनुभवलंय.

राहिला डिटेन्शन कॅम्प. वाळूच्या गुन्ह्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तुमच्या काकूंना हे आजच सांगा. आज ज्याला कॅम्प म्हणतात ते परदेशी ठरवलेल्या किंवा मुदत संपूनही राहिलेल्या माणसांना परत पाठवेपर्यंत ठेवण्याचं ठिकाण. पूर्वी १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२५ चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आलाय. सगळ्यात जास्त लोक आसाममध्ये यातून गेले. तिथे गोलपारा, कोक्राझार, सिलचर, तेजपूर अशा जिल्हा कारागृहांतच ही केंद्रं चालत होती. २०२३ पासून माणसं गोलपारा जिल्ह्यातल्या मतिया इथल्या ३,००० क्षमतेच्या केंद्रात हलवली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम एनआरसीत, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीत, सुमारे १९ लाख लोकांची नावं नव्हती, पण यादीत नाव नाही म्हणजे लगेच कॅम्प असं नसतं. त्याआधी परकीय नागरिक न्यायाधिकरणाचा निर्णय लागतो. तिथली अडचण अशी की आपण भारतीय आहोत हे त्या माणसानेच सिद्ध करायचं असतं. फौजदारी खटल्यात ओझं सरकारवर असतं, इथे उलटं. आणि दुसरा देश परत घेत नसेल, तर कोंडण्याला शेवट राहत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तीन वर्षं पूर्ण केलेल्यांना जामीनदारांवर सोडायला सांगितलं, आणि एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात ती अट दोन वर्षांवर आणली.

गुन्हा न करता कोंडणं आपल्याला नवीन मात्र नाही. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीय रहिवाशांना राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत ठेवलं होतं, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसंही होती. आणि अगदी शेजारी सोलापूरला इंग्रजांनी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभारली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची ती परंपरा. जन्माने गुन्हेगार ठरवलेली माणसं, हजेरी लावून जगणारी. १९५२ च्या ऑगस्टमध्ये तो कायदा गेला. पण आजही आष्टी-पाटोद्याकडे कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, आणि तिथल्या माणसांना तुमच्या भावासारखंच ‘फक्त चौकशीला’ नेतात. त्यांच्यासाठी ईमेल करणारं कुणी नसतं. मला या प्रश्नाचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथे.

तुम्ही शेवटी विचारलंय की जालन्याच्या स्टील कारखान्यातल्या तुमच्या बंगाली मित्राला कागद तपासायला बोलावून दिवसभर बसवलं, ते काय? तोच प्रश्न लावा: कोणाचा हुकूम, कोणतं कलम, किती वेळ? परकीय नागरिक कायद्याखालचा लेखी हुकूम नसेल, तर तोही साधा पोलीस ताबा, आणि २४ तासांचा नियम त्यालाही लागू. अनुच्छेद २१ आणि २२ मध्ये ‘व्यक्ती’ म्हटलंय, नुसतं ‘नागरिक’ नाही. त्याला कागदांचा एक संच गावाकडून मागवून ठेवायला सांगा, नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का बघा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचंही हेच. जन्माची नोंद नसली तरी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, १९५४ चं खासरा पाहणी पत्रक, जुन्या मतदार याद्या मिळतात. उर्दू किंवा मोडीत असतील तर प्रमाणित भाषांतर करून घ्या. आणि एजंटाला पैसे देऊन उशिराचा खोटा जन्मदाखला मात्र काढू नका. खरा नागरिकसुद्धा त्यापायी बनावट कागदाच्या गुन्ह्यात अडकतो.

तुमच्या भावासाठी आता लगेच: रिमांड रिपोर्ट, अटक फॉर्म, अटकेची लेखी कारणं, निवेदन पंचनामा आणि वैद्यकीय तपासणीचा कागद यांच्या नकला मागा. मंगळवारी त्याला नेताना पाहणाऱ्या दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि एक तारीख वेगळी लिहून ठेवा. २४ तास मंगळवारच्या पहाटेपासून मोजायचे असले, तरी आरोपपत्राची मुदत पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून मोजतात. एकटं ३०३(२) असेल तर ती ६० दिवसांची. तोपर्यंत तो आतच असेल आणि आरोपपत्र आलं नसेल, तर ६१ व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज हातात तयार हवा. पोलिसांनी त्याआधी आरोपपत्र टाकलं तर तो हक्क गेला.